'व्यत्यय' अशी पाटी तरी लावा

(अमेरिकेतल्या स्ट्रीमिंग कंपन्यांत शिफारशींच्या, म्हणजे कुणाच्या पडद्यावर काय दाखवायचं ते ठरवणाऱ्या, यंत्रणेवर काम करणाऱ्या मराठी मुलामुलींना खुलं पत्र)

मुलांनो,

तुमच्यापैकी काहींना मी न्यू जर्सीच्या मराठी शाळेत बाराखडी गिरवायला लावली आहे, तेव्हा हे पत्र तुम्हाला वाचता येईल असं धरून चालते. अडेल त्यांनी आईला फोन लावावा, तिलाही बरं वाटेल. मंडळाच्या गणपतीत कुणी विचारलं की "रेकमेंडेशन्सवर काम करतो" एवढं सांगून तुम्ही मोदकांकडे वळता. त्या कामाचा अर्थ मला गेल्या मार्चमध्ये कळला.

माझ्या मैत्रिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि मी सोबतीला चार दिवस तिच्याकडे राहिले. आम्ही दोघींनी नूअर्कमधल्या एकाच हॉस्पिटलच्या लॅबमध्ये सव्वीस वर्षं शेजारी शेजारी बसून काचेच्या पट्ट्या तपासल्या. ती नूअर्कची, कृष्णवर्णीय, तिची आजी जॉर्जियातून उत्तरेकडे आलेली. (कृष्णवर्णीय हा शब्द आपण लिहिताना वापरतो. घरात, दार लावल्यावर, कोणता वापरतो ते तुम्हीही लहानपणापासून ऐकलं आहे.) पहिल्या संध्याकाळी तिने टीव्ही लावला आणि मला वाटलं, ही वेगळ्याच कंपनीची वर्गणीदार दिसते. कंपनी तीच होती, महिन्याचे पैसेही तेवढेच. पण पडद्यावर माझ्या ओळखीचं एकही चित्र नव्हतं. माझ्याकडे कोरियन प्रेमकथा, इंग्लंडमधल्या केक करायच्या स्पर्धा, खुनांचे माहितीपट आणि हिंदी सिनेमे ओळीने उभे असतात. तिच्याकडे कृष्णवर्णीय घरांच्या विनोदी मालिका, गॉस्पेल गायिकांचे माहितीपट, वकिलांच्या, डॉक्टरांच्या, अटलांटाच्या गोष्टी. एक मालिका तेवढी दोघींकडे होती. माझ्याकडे ती दोन गोऱ्या नटांचे चेहरे घेऊन येते, तिच्याकडे एका कृष्णवर्णीय नटाचा चेहरा घेऊन आली होती. आम्ही ती पाहायला घेतली. तो नट वकिलाच्या ऑफिसचं दार दोनदा उघडतो. बस्स.

हा माझा भास असावा असं मला आधी वाटलं. पण २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये नेटफ्लिक्सच्या कृष्णवर्णीय प्रेक्षकांनी नेमकी हीच तक्रार जाहीरपणे केली होती. 'लाइक फादर' या चित्रपटात क्रिस्टन बेल आणि केल्सी ग्रॅमर हे दोन गोरे कलाकार मुख्य भूमिकेत, पण काहींच्या पडद्यावरच्या चित्रात दिसत होते मोजकीच मिनिटं असलेले दोन कृष्णवर्णीय कलाकार. कंपनीचं उत्तर असं होतं की आम्ही कुणाचा वंश विचारत नाही, आम्हाला तो माहीतही नाही, तुम्ही आधी काय पाहिलंत त्यावरून चित्र निवडलं जातं. खोटं बोलले असं मी म्हणत नाही. न विचारताही ज्याला कळतं त्याला विचारायची गरज काय?

मी या देशात १९८३ च्या डिसेंबरमध्ये आले, लॅबमध्ये लागले १९८५ साली. तेव्हाचा गुरुवार तुम्हाला सांगायला हवा, कारण तुमच्यातल्या बहुतेकांचा जन्म त्यानंतरचा. १९८४ च्या सप्टेंबरमध्ये एनबीसी या वाहिनीवर 'द कॉस्बी शो' सुरू झाला. ब्रुकलिनमधलं घर, बाप डॉक्टर, आई वकील, पाच मुलं, सगळे कृष्णवर्णीय. गुरुवारी रात्री आठ वाजता. सलग पाच मोसम ती मालिका पहिल्या क्रमांकावर होती (शेवटच्या मोसमात बरोबरीने), आणि १९८६-८७ मध्ये तर देशात टीव्ही असलेल्या दर शंभर घरांपैकी जवळजवळ पस्तीस घरांत ती लागायची. माझं इंग्रजी तेव्हा लॅबपुरतं होतं. हिमोग्लोबिन म्हणता यायचं, गप्पा मारता यायच्या नाहीत. शुक्रवारी सकाळी सगळी लॅब आदल्या रात्रीच्या भागावर बोलायची आणि मला पहिल्यांदाच त्यातलं सगळं कळायचं. मुलगा नापास होऊन आला की बाप जो चेहरा करतो, तो चेहरा माझ्या वडिलांचा होता. हे मी मैत्रिणीला मोडक्या इंग्रजीत सांगितलं, तिथून आमची मैत्री.

आता तुम्ही म्हणाल, काकूंचं ते जुनं सोनं सुरू झालं. थांबा. त्याच १९८७ च्या उन्हाळ्यात, त्याच गुरुवारांच्या मध्ये, जर्सी सिटीत 'डॉटबस्टर्स' म्हणवणाऱ्या पोरांनी वर्तमानपत्राला पत्र लिहून सांगितलं की टिकली लावणाऱ्यांना आम्ही इथून हाकलणार. सप्टेंबरमध्ये शेजारच्या होबोकनला एका भारतीय तरुणाला मारहाण झाली, त्यातच तो गेला. मी तेव्हा बसमध्ये चढण्याआधी टिकली काढून पर्समध्ये चिकटवायचे. ती पोरं गुरुवारी रात्री आठ वाजता काय पाहत असतील? बहुतेक मी पाहायचे तेच.

तेव्हा एका पडद्यासमोर बसलं की माणसं सुधारतात, हे मी सांगणार नाही. १९९२ साली सट जॅली आणि जस्टिन लुईस या दोन अभ्यासकांनी याच मालिकेच्या प्रेक्षकांशी बोलून एक पुस्तक लिहिलं. पुष्कळ गोऱ्या प्रेक्षकांनी त्या डॉक्टर-वकिलांच्या घरावरून निष्कर्ष काढला होता की आता वर्णभेद उरलेला नाही, जे मागे राहिले ते आपल्या कर्माने. त्याआधी १९७१ पासून नॉर्मन लिअर यांची 'ऑल इन द फॅमिली' लागायची. तिच्यातला आर्ची बंकर हा तोंडाळ, वंशद्वेष्टा बाप हसण्यासाठी उभा केला होता. १९७४ साली छापलेल्या एका अभ्यासात आढळलं की ज्यांच्या मनात आधीच द्वेष होता त्यांना आर्चीच बरोबर वाटत होता. मैत्रिणीचे वडील हा कार्यक्रम न चुकता बघत. "माझा फोरमन घरी कसा बोलतो ते फुकट ऐकायला मिळतं," असं म्हणत. आणि खुद्द कॉस्बींविरुद्ध पुढे डझनावारी स्त्रिया बोलल्या, २०१८ मध्ये ते दोषी ठरले, २०२१ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने कायदेशीर प्रक्रियेच्या कारणावरून ती शिक्षा रद्द केली. माझ्या त्या गुरुवारांची आठवण आता निर्मळ राहिलेली नाही.

तरी एक दुपार सांगते. ३ ऑक्टोबर १९९५, एकचा सुमार, आमची ब्रेक रूम. ओ. जे. सिम्पसन या कृष्णवर्णीय फुटबॉलपटूवर गोऱ्या घटस्फोटित पत्नीच्या आणि तिच्या मित्राच्या खुनाचा खटला होता, त्याचा निकाल थेट दाखवत होते. एक टीव्ही, खोलीत तीसेक माणसं. "निर्दोष" हा शब्द आला आणि खोली मधोमध चिरली. कृष्णवर्णीय सहकाऱ्यांपैकी कुणी ओरडलं, कुणी टेबलावर डोकं टेकवून रडलं. गोरे सहकारी डबे उचलून न बोलता बाहेर गेले. आम्ही तीन भारतीय मध्येच, हातात पोळीचा घास. मला वाटत होतं पुरावा एवढा उघड आहे, मग ही माझी शहाणी मैत्रीण आनंदाने का रडते आहे? संध्याकाळी तिने मला गाडीने घरी सोडलं, तेव्हा मी धीर करून विचारलं. तिने गाडी बाजूला घेतली आणि १९६७ च्या जुलैतलं नूअर्क सांगितलं. एका कृष्णवर्णीय टॅक्सी ड्रायव्हरला पोलिसांनी मारहाण केल्यावर पेटलेले ते दिवस, सव्वीस मृत्यू, खिडकीखाली झोपायचं नाही हा तिच्या आईचा नियम. निकालाबद्दल माझं मत तिने बदललं नाही. पण दहा वर्षं मी ज्या शहरात नोकरीला जात होते ते शहर मला त्या संध्याकाळी कळलं. ती खोली एकाच टीव्हीसमोर नसती, तर विचारायचं काय हेही मला सुचलं नसतं.

त्याच वर्षांत पडदे वेगळे व्हायला लागले होते, आणि ते तुमच्या कंपन्यांनी सुरू केलेलं नाही. १९९३ मध्ये फॉक्सवर 'लिव्हिंग सिंगल' आली: ब्रुकलिनमधली सहा तरुण कृष्णवर्णीय मित्रमंडळी. वर्षाने एनबीसीवर 'फ्रेंड्स' आली: मॅनहॅटनमधली सहा तरुण गोरी मित्रमंडळी. दोन्ही वॉर्नर ब्रदर्सच्या. दुसरीचं नाव पुण्यात सदाशिव पेठेतल्या पोरालाही ठाऊक आहे. पहिलीचं मला मैत्रिणीकडून कळलं, तेही संपत आल्यावर. त्या काळात दर वर्षी सगळ्यांत जास्त पाहिल्या जाणाऱ्या कार्यक्रमांच्या दोन याद्या छापून यायच्या, एक सगळ्या घरांची आणि एक कृष्णवर्णीय घरांची. 'साइनफेल्ड' आणि 'फ्रेंड्स' एका यादीच्या डोक्यावर, दुसरीत शोधून सापडेनात. दोन्हीकडे असायचा तो सोमवार रात्रीचा फुटबॉल. १९९९ साली चार मोठ्या नेटवर्कांनी २६ नव्या मालिका जाहीर केल्या, तेव्हा एकीतही मुख्य भूमिकेत गोऱ्यांखेरीज कुणी नाही म्हणून कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संस्थेचे क्वेइसी मफुमे यांनी बहिष्काराची भाषा केली. कृष्णवर्णीय विनोदी मालिका तोवर बऱ्याचशा यूपीएन आणि डब्ल्यूबी या दोन छोट्या वाहिन्यांवर गेल्या होत्या. २००६ मध्ये या दोघी मिळून एक झाल्या आणि त्या मालिकांची जागा आणखी आटली.

म्हणजे दरी जुनी आहे. पण ती छापून यायची. कुणीही यादी बघून म्हणू शकत असे, अरे, आपण हे पाहतच नाही. आज तुम्ही 'टॉप टेन' दाखवता, किती जणांनी पाहिलं ते त्यात असतं. कुणी पाहिलं आणि कुणाच्या नजरेसमोर ते आलंच नाही, ते फक्त तुमच्या कंपनीला ठाऊक.

इथे मला मिसिसिपीतल्या जॅक्सन गावची गोष्ट सांगायची आहे. तुमच्या प्रशिक्षणात ही असायला हवी होती, नसणार. तिथे डब्ल्यूएलबीटी नावाचं टीव्ही केंद्र होतं. त्याच्या टप्प्यातली चाळीस टक्क्यांहून जास्त वस्ती कृष्णवर्णीय. १९५५ साली एनबीसीच्या कार्यक्रमात थर्गुड मार्शल बोलायला आले. शाळांमधला वर्णभेद बेकायदा ठरवून घेणारे हेच वकील. केंद्राने चित्र बंद केलं आणि पाटी लावली: क्षमस्व, केबलमध्ये बिघाड आहे. आपल्या मुंबई दूरदर्शनवर 'व्यत्यय' यायचा तो खरा असायचा. हा ठरवून केलेला होता. वर्षानुवर्षं असं चाललं. १९६४ मध्ये युनायटेड चर्च ऑफ ख्राइस्टचे एव्हरेट पार्कर यांनी गावातल्या स्वयंसेवकांना हाताशी धरून केंद्रावर काय लागतं, काय गाळलं जातं याची आठवडाभर टिपणं घेतली आणि परवान्याच्या नूतनीकरणाला हरकत घेतली. तोवर अशी हरकत घ्यायचा हक्क ज्यांचे पैसे गुंतलेले त्यांनाच होता. नुसत्या प्रेक्षकाला विचारतो कोण? १९६६ मध्ये न्यायालयाने सांगितलं की प्रेक्षकालाही हक्क आहे. निकाल लिहिला वॉरन बर्गर यांनी, जे नंतर सरन्यायाधीश झाले. १९६९ मध्ये त्या केंद्राचा परवानाच गेला.

अमेरिकेतल्या टीव्हीबद्दल ज्या गोष्टी मी इथे शिकले, त्यात ही मला सगळ्यांत मोलाची वाटते. जॅक्सनच्या माणसांना निदान पाटी दिसली. काहीतरी कापलं गेलंय हे कळलं, म्हणून कुणीतरी वही घेऊन बसलं. तुमच्या पडद्यावर पाटी येत नाही. तिथे नेहमी काही ना काही गोड, भरलेलं, माझ्यासाठीच मांडलेलं असतं. वही घेऊन बसणाऱ्याने टिपायचं काय? माझ्या घरचा पडदा म्हणजे माझ्या घरचाच पडदा.

याच्या उलटही एक रात्र आहे. ७ मार्च १९६५, रविवार. एबीसीवर न्युरेम्बर्ग खटल्यावरचा चित्रपट चालू होता, नाझींच्या गुन्ह्यांचा. मध्येच तो थांबवून अलाबामातल्या सेल्माच्या पुलावरची दृश्यं दाखवली: कृष्णवर्णीयांच्या मतदानाच्या हक्कासाठी चालत निघालेली माणसं आणि त्यांच्यावर लाठ्या, अश्रुधूर. चित्रपट पाहणारे सुमारे ४ कोटी ८० लाख लोक होते. सेल्माची बातमी बघायला त्यांच्यातलं कुणीही बसलेलं नव्हतं. तुमच्या यंत्राला विचारलं असतं, तर त्याने ती दृश्यं किती जणांना दाखवली असती?

हे सगळं मी मैत्रिणीला दुसऱ्या दिवशी मोठ्या तावातावाने सांगितलं. ती पाय उशीवर ठेवून ऐकत होती. मग म्हणाली, "हे बघ, साठ वर्षं मी तुमचा टीव्ही पाहिला. पर्याय नव्हता. गोऱ्या घरात जेवणाला काय असतं, गोरी मुलगी प्रॉमला, शाळेतल्या नाचाला, काय घालते, सगळं मला पाठ. आता कुठे यांनी उघडल्या उघडल्या माझी माणसं दाखवली, तर तू माझ्या घरात बसून रडतेस?" वर हेही म्हणाली की ते दार उघडणाऱ्या नटाचं चित्र सोडलं तर तिची काहीच तक्रार नाही.

मी दोन दिवस त्यावर विचार केला. तिचं बरोबर आहे. १९७७ च्या जानेवारीत 'रूट्स' ही गुलामगिरीवरची मालिका सलग आठ रात्री लागली आणि शेवटच्या रात्री सुमारे दहा कोटी लोकांनी ती पाहिली, तेव्हा मैत्रिणीच्या चर्चमधल्या बायकांनी ती एकत्र बसून पाहिली. तिच्या आजीने मात्र पाहिली नाही, मला ठाऊक आहे म्हणाली. एकत्र पाहण्याची गरज त्या आजीला नव्हती, बाकीच्या देशाला होती. २०१९ मध्ये 'वॉचमेन' मालिका १९२१ च्या टल्सामधल्या, ओक्लाहोमातल्या, कृष्णवर्णीयांच्या हत्याकांडाने सुरू झाली, तेव्हा हे खरंच घडलं होतं का म्हणून शोधणाऱ्यांत मीही होते. मैत्रिणीला ते शाळेत असताना चर्चमध्ये सांगितलेलं होतं.

म्हणून माझी तक्रार तिच्या पडद्याबद्दल नाही. माझ्या पडद्याबद्दल आहे, तुमच्या आईबाबांच्या पडद्याबद्दल आहे. ती सगळ्यांचं बघून मोठी झाली. आम्ही मात्र निवृत्त झाल्यावर, हातात वेळ असताना, पुन्हा आपापल्या गल्लीत.

आणि आपल्या गल्लीत आता कौतुकाला तोटा नाही. १९९० पासून सिम्पसन्स या कार्टून मालिकेतला भारतीय दुकानदार अपू एका गोऱ्या नटाच्या आवाजात बोलायचा आणि माझ्या मुलाला शाळेत त्याच्या बोलीत हाका मारायचे. अपूवरच्या हरी कोंडाबोलू यांच्या २०१७ च्या माहितीपटानंतर, २०२० मध्ये, त्या नटाने, हँक अझेरियांनी, तो आवाज सोडला. त्याच वर्षी मिंडी केलिंगच्या मालिकेत तमिळ मुलगी नायिका झाली. 'ब्रिजर्टन'च्या दुसऱ्या मोसमात तर मुंबईहून आलेल्या शर्मा बहिणी आहेत. धाकटी थोरलीला दीदी म्हणते, थोरली धाकटीला बंगालीत 'बोन' म्हणते, वडील 'अप्पा', आणि वर धाकटीला मराठी येतं असंही सांगतात! असं घर मुंबईतल्या कुठल्या वाडीत होतं ते शोधायला हवं. पण मी हसले, आवडलं, चौघींना फोन केले. चौघीही मराठी. आपलं दिसलं की आपण आपल्यालाच फोन करतो.

घरचा हिशेबही मांडते. २०१९ मध्ये स्टार प्रवाहवर सावळ्या मुलीची गोष्ट म्हणून 'रंग माझा वेगळा' सुरू झाली आणि त्यासाठी रेश्मा शिंदे या उजळ रंगाच्या अभिनेत्रीला मेकअपने सावळं केलं. आम्ही बायकांनी इथे बसून ती रोज पाहिली, हळहळलो, आणि तो मेकअप कुणालाही खटकला नाही. मलाही नाही. मैत्रिणीने एक भाग पाहिला आणि मला फक्त एवढं विचारलं, "त्यांना खरी सावळी मुलगी मिळाली नाही?" माझ्या यंत्राने हा प्रश्न मला कधी विचारला नसता.

तर मागणं असं. चित्रावर ज्याची गोष्ट आहे त्याचा चेहरा लावा, दार उघडणाऱ्याचा नको. जुन्या दोन याद्यांसारखं काहीतरी पुन्हा छापा, कुणाचं नाव न घेता: नूअर्क काय पाहतं आहे, एडिसन काय पाहतं आहे. आणि एक बटण द्या, दोघांची परवानगी असेल तर मित्राच्या घरचा पडदा माझ्या टीव्हीवर उघडणारं. सबंध, जसा तिला दिसतो तसा, मला आवडेल ते वेचून काढलेला नको. तुम्ही म्हणाल, असं बटण दिलं तर लोक कमी वेळ बघतील, आमचे आकडे पडतील. पडतील कदाचित. माझ्या वर्गात 'ळ' काढायला दोन-दोन आठवडे घेतलेत तुम्ही, मी काही आकडे मागितले नव्हते.

तोवर आमचं आम्ही भागवलं आहे. मैत्रीण आता काठीशिवाय चालते. दर गुरुवारी रात्री आठ वाजता मी तिला फोन लावते, एका आठवड्यात तिच्या पडद्यावरचं, दुसऱ्या आठवड्यात माझ्या. एक, दोन, तीन म्हणून दोघी एकदम बटण दाबतो. तिचं इंटरनेट माझ्यापेक्षा चार सेकंद मागे आहे, त्यामुळे विनोद येतोय हे तिला आधी माझ्या हसण्यावरून कळतं, आणि ती चिडते. 'लिव्हिंग सिंगल'चा दुसरा मोसम चालू आहे. हे चार सेकंद कमी करता येत असतील तर तेवढं आधी बघा.

तुमची,
मराठी शाळेतली काकू
एडिसन, न्यू जर्सी